तिरप्या रेघेपलीकडचे मामा

उभ्या जन्मात स्वतःसाठी एक कप चहासुद्धा न मागितलेला माणूस कुणाला बघायचा असेल, तर तो हैदराबादेत आमच्या विद्यानगरच्या घरात नऊ वर्षं राहत होता आणि त्या नऊ वर्षांत त्याने माझ्या डोक्याचा पार भुगा केला. हे माझे मामासासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. तुम्ही म्हणाल, काही न मागणारं माणूस घरात असणं म्हणजे केवढं सुख. असं म्हणणाऱ्यांनी त्यांना एक आठवडा आपल्या घरी नेऊन बघायला हवं होतं. मामांना चहा हवा झाला की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत, घसा साफ करत आणि म्हणत, "सूनबाई, दिलीपला चहा लागंल असं वाटू लागलंय." दिलीप म्हणजे माझा नवरा, आणि भर दुपारी तो बँकेत असे. "मामा, दिलीप घरात नाही," मी म्हणे. "हौ का? मग आला की लागंल," असं म्हणून ते तिथंच उभे राहत. मी निमूट आधण ठेवी, आणि दिलीपच्या वतीने मामा तो चहा पिऊन टाकत. दिलीपला मधुमेह असल्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा होतो. तोच मामाही प्यायचे. कसा झालाय असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे, "सर्वांना चांगला वाटू लागलाय." घरात त्या वेळी आम्ही दोघंच असायचो.

मामा पर्सनल असिस्टंट होते. 'होते' हे आपलं म्हणायला, कारण निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांना ते कुणी कळवलेलं नसावं. उदगीरकडच्या शेतकरी घरातून मॅट्रिक होऊन ते हैदराबादेत आले, कोठीला एका पुस्तकांच्या दुकानावरच्या माडीवर टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले, आणि आबिड्सला पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य कचेरीत जे चिकटले ते चौतीस वर्षांनी उठले. आधी मोठे साहेब झाले, मग त्यांचा मुलगा, मग मुलाचा मेव्हणा. साहेब बदलत गेले, मामांची खुर्ची तीच राहिली. या चौतीस वर्षांच्या पत्रांच्या कार्बन कॉप्यांची एक फाईल त्यांनी एकदा माझ्यापुढे मोठ्या अभिमानाने उघडली होती. "ही बघ, सगळी टपाल माझ्या हातची." मी चाळून पाहिलं तर मामांचं नाव कुठंच नव्हतं. "कुठाय तुमचं नाव?" तेव्हा त्यांनी पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं मोठ्या इंग्रजी अक्षरांत साहेबांची आद्याक्षरं होती, मग एक तिरपी रेघ, आणि रेघेपलीकडे छोट्या अक्षरांत टाइप करणाऱ्याची. टाइप केलेल्या पत्रावर अशी खूण ठेवायची, हा त्या धंद्याचा रिवाज. कोण बोललं ते रेघेच्या अलीकडे आणि कोणी उतरवून घेतलं ते पलीकडे. मामा सगळा जन्म त्या रेघेपलीकडे आरामात बसून होते, आणि आमच्या घरात आले तेव्हा रेघ सोबत घेऊनच आले.

आमच्या घरातल्या फोनवर माझा हक्क पहिल्याच महिन्यात संपला. मामी गेल्यावर 'थोडे दिवस हवापालट' म्हणून दिलीप त्यांना घेऊन आला होता. मी आंघोळीला गेले की माझा मोबाइल मामांच्या हातात. "कोण बोलतंय? विषय काय? तातडीचं की सर्वसाधारण?" माझे लोक या प्रश्नांना इतके घाबरले की दोन मैत्रिणींनी फोन करणंच सोडलं. लातूरहून माझ्या बहिणीने, तिला नातू झाला हे सांगायला पहाटे सहाला फोन केला. मी झोपेत. सकाळी उठून बघते तर चहाच्या डब्याखाली मामांनी आपल्या टाइपरायटरवर टाइप केलेला कागद. 'लातूरच्या भगिनींकडून. मुलगा. वजन तीन किलो. दोघेही सुखरूप. सर्वसाधारण.' मी ओरडले, "मामा, ही बातमी सर्वसाधारण? मला उठवायचं नाही?" मामा शांतपणे म्हणाले, "उठवलं असतं तर मुलाचं वजन वाढलं असतं का? मॅडम विश्रांतीत आहेत असं सांगितलं. त्यांना पटलं." बहिणीला पटलं नव्हतं. ती मला पुढचे सहा महिने 'मॅडम' म्हणत होती.

भाजीवाल्याकडेही हेच. आमच्या गल्लीत एक म्हातारा गाडीवाला येई. मामा खाली उतरत आणि त्याला माझ्या नावाने फैलावर घेत. "मॅडमां बोल रहे भेंडी कडक है." मी तिसऱ्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून बसलेली, भेंडीचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नसे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मॅडमां को छोडो साब, आपकू क्या होना वो बोलो!" मी गॅलरीतून बघत होते. मामा त्याच्याकडे बघत राहिले, मग टोमॅटोकडे, मग दुधी भोपळ्याकडे, आणि रिकामी पिशवी घेऊन वर आले. "काय झालं, मामा?" तर म्हणाले, "त्याचे प्रश्न वायले असतात." वायले म्हणजे वेगळे. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे बैठकीचा वृत्तांत. मामांच्या खिशात कायम एक छोटी वही आणि टोक काढलेली पेन्सिल असे. घरात दोन माणसं एका खोलीत बोलू लागली की तिसऱ्या कोपऱ्यात मामा शॉर्टहँडमध्ये उतरवून घेत आहेत असं समजायचं. एकदा बीदरच्या लग्नाला कुणी जायचं यावरून माझं आणि दिलीपचं चांगलंच वाजलं. नवरा-बायकोच्या भांडणाला काही अर्थ असतो तो एवढाच, की दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या दोघांच्या उशाशी एकेक प्रत. 'सौ. यांनी असे मत मांडले की श्री. यांना काडीची अक्कल नाही. श्री. यांनी त्याची नोंद घेतली. सौ. यांनी सन दोन हजार अकरामधील परभणीच्या बारशाचा उल्लेख केला. श्री. यांनी तो विषय या बैठकीच्या कक्षेबाहेर असल्याचे निदर्शनास आणले. शेवटी दोघांनीही न जाण्याचे ठरले.' खाली सहीसाठी दोन जागा. दिलीपने हसत हसत सही करून टाकली. मी कागद टराटरा फाडला. मामांनी फाईलमधून दुसरी प्रत काढली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हे मला नऊ वर्षांत उमगलं नाही.

मामांच्या मते हे काही चाकरीचं काम नव्हतं, ती विद्या होती. त्या विद्येचा गाभा म्हणजे टेबलाचा डावा खण. मोठे साहेब तापट होते. वरंगळच्या एखाद्या विक्रेत्यावर भडकले की आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही अशा थाटाचं पत्र सांगायचे. मामा ते शब्दन् शब्द उतरवून घेत, सुबक टाइप करत, सही घेत आणि डाव्या खणात ठेवून देत. दुसऱ्या दिवशी साहेब हळूच विचारत, "वो लेटर गया क्या?" मामा म्हणत, "कल पोस्ट निकल गई थी साब, आज जाएगा." "मत भेजो, मत भेजो." आणि साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरे. मामा मला सांगायचे, "सूनबाई, साहेब बोलतो ते समदं लिहायचं नसतं. उद्या सकाळी साहेबाला काय बोललो असतो तर बरं झालं असतं असं वाटंल, ते लिहायचं. गरम पत्र एक दिवस थंड होऊ द्यायचं." डाव्या खणाने कंपनीचे किती विक्रेते वाचवले याचा हिशेब ते मला दर पंधरा दिवसांनी ऐकवत. आमच्याकडे येतानाही त्यांनी कपड्यांच्या बॅगेआधी एक टेबल आणलं होतं. डाव्या खणाचं.

आणि नेमकी मी पडले उलट्या धंद्यातली. मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन करते. परदेशातले डॉक्टर रोग्याला तपासून जे बोलतात ते हेडफोनमधून ऐकायचं आणि लिहून काढायचं. पूर्वी सगळं आम्हीच टाइप करत होतो. आता यंत्र कच्चं लिहून देतं आणि आम्ही त्याच्या चुका काढत बसतो. या कामात एकच गोष्ट देवासारखी पाळायची असते. शब्द ऐकू आला नाही तर अंदाजाने लिहायचा नाही. तिथं रिकामी रेघ ठेवायची, म्हणजे डॉक्टर स्वतः ती भरतो. औषधाचं नाव अंदाजाने लिहिलं तर माणूस जाईल. मामा माझ्यामागे खुर्ची टाकून बसायचे आणि ती रेघ दिसली की पुढे झुकून म्हणायचे, "असं कसं करू लागलीस गं? साहेबाच्या वाक्यात भोक ठेवतेस? वाक्य पुरं करून द्यायला नक्को?" मी सांगून दमले. एक दिवस दूध उतू जातंय म्हणून मी दोन मिनिटं उठले, तेवढ्यात मामांनी माझ्या खुर्चीत बसून कुणा गोऱ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याच्या अहवालाखाली सफाईदार इंग्रजीत एक ओळ घातली, 'रुग्णास लवकर आराम पडो ही सदिच्छा.' मला कळलंच नाही. अहवाल गेला. आमच्या तपासनीस बाईंनी मला तासभर झापलं आणि माझे गुण कापले. मी संतापाने ती ओळ मामांना वाचून दाखवली. मामा म्हणाले, "पण त्यात वाईट काय होतं?"

आता वैशालीविषयी सांगायला हवं, कारण हा सगळा वैताग तिच्यापाशी येऊन थांबतो. वैशाली मामांची एकुलती एक लेक. विशाखापट्टणमला नोकरी करत असताना तिचं तिथल्याच श्रीनिवासशी जमलं. पंधरा वर्षांपूर्वी तिने मामांना चार पानी पत्र लिहून सगळं कळवलं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" उत्तर टाइप केलेलं आलं. 'आपले पत्र मिळाले, मजकूर समजला. आपल्या मातोश्री नाराज आहेत. उदगीरच्या काकांचा विरोध आहे. आत्यांचे मत थोडे थांबावे असे आहे. माहितीसाठी सविनय सादर.' तळाशी डावीकडे मामींची मोठी अक्षरं, तिरपी रेघ, मामांची छोटी. लग्न झालं, सगळे गेले, वर्षभरात मामी जावयासाठी अंबाडीची भाजी त्याच्या पद्धतीने करायला शिकल्या. नाराजांची नाराजी केव्हाच विरली. पण वैशालीला तो कागद विसरता आला नाही. ती मला एकदा म्हणाली होती, "वहिनी, मी एका माणसाला विचारलं आणि तो सोडून सगळ्यांनी उत्तर दिलं." तेव्हापासून बापलेकीत दिवाळीचा फोन, वाढदिवसाचा फोन, तब्येत कशी, पाऊस आहे का, एवढंच उरलं होतं. मामी गेल्यावर मामा लेकीकडे न जाता भाच्याकडे आले, त्याचं कारण तेच.

गेल्या वर्षी एका सोमवारी मामांच्या मोबाइलवर वैशालीचा बोललेला निरोप आला. ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. एकदा ऐकला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मला बाई भरून आलं. म्हटलं, दगडाला पाझर फुटला. म्हणून मी त्यांना एकटं सोडलं. बुधवारी वैशालीचा मला फोन. "वहिनी, बाबांनी ऐकलं का? काही बोलले नाहीत." मी विचारलं तर मामा म्हणाले, "निरोप घेतलाय. लेकीचा आवाज जरा गरम होता. थंड होऊ दे." माझं माथं सणकलं. मी सरळ जाऊन टेबलाचा डावा खण ओढला.

वर निरोप होता, शब्दन् शब्द टाइप केलेला. ते चार वेळा ऐकणं म्हणजे डिक्टेशन घेणं होतं! 'विषय : खोली अथवा गाडी.' त्याखाली वैशाली बोलत होती. 'बाबा, आम्ही घर बांधतोय. खाली एक जागा आहे. इंजिनियर विचारतोय, तिथं खोली काढू का गाडी लावायला मोकळी ठेवू. तुम्ही येणार असाल तर खोली. दिलीपदादाला विचारू नका, वहिनीला विचारू नका. आई तर गेली, आता कुणाच्या नावाने सांगणार? तुम्हाला काय पाहिजे तेवढं सांगा. रविवारपर्यंत सांगा, सोमवारी काम चालू होतंय.' तळाशी तिची मोठी अक्षरं, रेघ, मामांची छोटी. आणि त्याखाली उत्तराचे चार मसुदे. एक दिलीपच्या वतीने, 'वयोवृद्धांस समुद्राची हवा मानवते असे श्री. दिलीप यांचे मत आहे.' एक माझ्या वतीने, 'सूनबाईंना कामात मोलाची मदत होत असल्याने त्या सोडण्यास तयार नाहीत.' एक कैलासवासी मामींच्या वतीने. आणि चौथा त्या कधी न पाहिलेल्या इंजिनियरच्या वतीने, 'गाडी उन्हात राहिल्यास रंग जातो.'

"मामा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला ते मला कळत होतं, "तुम्हाला जायचंय की नाही?"

"सगळ्यांचं काय म्हणणं पडू लागलंय?"

"सगळे गेले खड्ड्यात! ती पोरगी पंधरा वर्षं एका उत्तरासाठी थांबलीय. रविवारी तुम्ही गप्प बसलात तर तिथं गाडी लागेल आणि ती तुम्हाला परत कधी काही विचारणार नाही. हे कळतंय का तुम्हाला?"

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. एवढ्या वर्षांत ती त्यांच्या हातातून सुटलेली मी प्रथमच बघत होते. "कळू लागलंय गं," ते हळू म्हणाले. "पण लिहिता येत नाही मला. चौतीस वर्षं लिहिलं, हौ. पण समोर कुणी बसून सांगितल्याबिगर हात चालत नाही. कोऱ्या कागदापुढं बसलो की लै परेशान होतो."

माझा सगळा राग तिथंच बसला. मला वाटत होतं हा माणूस बेरकी आहे, सगळ्यांच्या आडून आपलं नेतो. त्याला खरंच येत नव्हतं. मी लॅपटॉप उचलून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या खुर्चीत बसले. "मग तुम्ही सांगा. मी घेते."

आधी त्यांना ते कळेना. मग कळलं तेव्हा ते उठले, हात पाठीमागे बांधले आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आले. मोठे साहेब असेच फिरत असणार. घसा साफ केला. "महोदया,"

"मामा, ती तुमची मुलगी आहे."

"कट कर. वैशू." मग सलग आलं. "तुझा निरोप पोचला. मी चार वेळा ऐकला. तुझा आवाज तुझ्या आईसारखा झालाय. तू मागं एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. तो पोरगा घरी आला त्या दिवशी मला..." आणि मामा थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. मी बोटं तशीच ठेवून बसले. "पुढचं तू घाल," ते म्हणाले. "तुला समजलंय की."

मला समजलं होतं. सुरेखसं वाक्य माझ्या बोटांत तयार होतं. पण मी म्हटलं, "नाही मामा. मला ऐकू आलं नाही. आमच्यात जागा मोकळी ठेवतात." आणि मी रिकामी रेघ ओढली.

"अगं, साहेबाच्या वाक्यात भोक!"

"मग साहेबांनी वाक्य पुरं करावं."

आपल्याला कुणी साहेब म्हणालं हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. ते परत खिडकीकडे गेले. "दिलीप आणि सूनबाई मला जपू लागलेत. काही कमी नाही. पण संध्याकाळच्या टायमाला मला..." रेघ. "खोलीचं म्हणशील तर मला..." रेघ. तीन वाक्यं, तिन्हींना भगदाडं. मग एकदम खणखणीत आवाजात, "गाडी उन्हात राहिल्यास रंग जातो हे मात्र खरं आहे." हे वाक्य तेवढं पूर्ण आलं. मी डोक्याला हात लावला आणि तेही लिहिलं.

तळाशी डावीकडे मी मामांची आद्याक्षरं मोठी टाइप केली, तिरपी रेघ काढली आणि पलीकडे माझी छोटी. मामा वाकून बघत होते. "हे उलटं झालं," ते म्हणाले. मी म्हटलं, "बरोबर झालंय." त्यांनी परत एकदा वाचलं, चष्म्यावरून वाचलं, चष्म्यातून वाचलं, आणि हात हळूच डाव्या खणाकडे गेला. "उद्या सकाळी परत एकदा बघू. थंड होऊ दे." पण मी त्यांना ओळखून होते. ते वाचत असतानाच मी पत्र वैशालीला पाठवून दिलं होतं.

"पोस्ट निकल गई, मामा," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले ते बसलेच. गुरुवारी उत्तर नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. वैशालीने पत्र बघितल्याची खूण फोनवर दिसत होती, आणि पुढे काही नाही. मामा फोनपासून हलत नव्हते. माझ्या मैत्रिणीचा फोन आला तर त्यांनी विषयसुद्धा न विचारता माझ्या हातात दिला. स्वयंपाकघराच्या दारात कुणाच्याही वतीने आले नाहीत. मला माझाच राग येऊ लागला. दुसऱ्याच्या लेकीला भोकं पडलेलं पत्र पाठवणारी मी कोण? तीन शब्द घातले असते तर काय बिघडलं असतं? माझ्या जागी मामा असते तर त्यांनी केव्हाच घातले असते. दिलीप म्हणाला, फोन करून टाक वैशालीला. मी म्हटलं, आता मीही कुणाच्या वतीने बोलायचं नाही.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात वैशाली, खांद्याला बॅग, रेल्वेतल्या झोपेचे डोळे. हातात पत्राचा छापून घेतलेला कागद, घड्या पडून मऊ झालेला. ती चपला काढून सरळ मामांच्या समोर जमिनीवर बसली. "बाबा, मला मराठी वाचायची सवय नाही राहिली. एकेक अक्षर लावत वाचायला एक तास लागला. श्रीनूला तेलुगूत सांगितलं तर तो म्हणाला, पुढं काय? मी म्हटलं, पुढं काही नाही, पुढं लाइन मारलीय." तिने पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं काय आहे?"

मामांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. वैशालीने ती काढून आपल्या केसांत खोचली. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ नऊ वर्षांत मला पुरता पाठ झाला होता. साहेबांच्या खोलीत अवघड माणूस येऊन बसला की साहेब पी.ए.कडे असेच बघत असतील. आणि उत्तर माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी उठले, आतल्या खोलीत माझ्या टेबलापाशी गेले, दार लोटलं आणि कानांना हेडफोन लावले. त्यात काही चालू नव्हतं.

त्यामुळे त्या तीन जागी काय आलं ते मला ठाऊक नाही. दिलीपने पुष्कळदा विचारलं, बहिणीने विचारलं. न ऐकलेलं मी सांगत नाही, त्या जागा माझ्याकडे मोकळ्याच आहेत. एवढं मात्र माहीत आहे, की त्या घराला खाली खोली निघाली आणि मामा आता तिथं राहतात, डाव्या खणाच्या टेबलासकट. गाडी बाहेर उन्हात उभी असते. रंग जायला लागलाय असं वैशाली फोनवर सांगते आणि हसते.

त्या रविवारचं मामांचं मी एकच वाक्य ऐकलं. अर्ध्या तासाने दार ढकललं गेलं म्हणून हेडफोन काढले, तर मामा उभे. डोळे लाल, सदऱ्याची एक बाही ओली. घसा साफ केला. मी वाट बघत होते, वैशालीला लागेल, दिलीपला लागेल. "सूनबाई," ते म्हणाले, "मला चहा पाहिजे." मी लगबगीने उठले, आधण ठेवलं, आणि पावडर घालताना एकदम हात थांबला. मी विचारलं, "मामा, तुम्हाला साखर लागते?" त्यांनी विचार केला. "दोन चमचे," ते म्हणाले. आणि मग माझं तोंड बघून घाईघाईने, "नसली तरी चालंल." नऊ वर्षं, रोज दोन वेळा मी त्यांना चहा दिला होता, वैतागले होते, ओरडले होते, आणि हे एकदाही विचारलं नव्हतं. मी डबा काढला आणि तीन चमचे घातले.